काका, कशावर टाकू?

दिवसातनं शंभरदा तरी हा प्रश्न ऐकतो मी. सांगलीत विश्रामबागला झेरॉक्स-प्रिंटचं दुकान आहे आपलं, आजूबाजूला अभ्यासिका, क्लास, वरच्या मजल्यावर वकील बसतात. पेनड्राइव्ह घेऊन आता कोण येत नाही, आलाच तर एखादा रिटायर मास्तर येतो आणि त्याच्यात हमखास व्हायरस असतो. बाकी सगळं मोबाईलात. काउंटरवर पाटी लावलीय, व्हॉट्सॲपचा नंबर, टेलिग्रामचं नाव, ईमेल, सगळं ठळक, तरी पाटीवर हात टेकवून विचारतात, "काका, कशावर टाकू?"

मी म्हणतो, कशावर पण टाक बाबा. पण खरं सांगू का, कोण कशावर टाकतो हे बघायची सवयच लागलीय आता. माणूस दारात दिसला की निम्म्या वेळा मला आधीच कळतं.

एमपीएससीची पोरं आली की टेलिग्राम. डोळे झाकून. नोट्सच्या पीडीएफ चारशे-पाचशे पानांच्या, कुठल्यातरी चॅनेलवरनं उचललेल्या. त्यांचं कारण पण बरोबर आहे, तिथं दोन जीबीपर्यंतची फाईल जाते, एका ग्रुपात दोन लाख माणसं मावतात, आणि आज ग्रुपात आलेल्या पोराला सहसा मागच्या वर्षीची फाईलसुद्धा वर सरकवून सापडते. एक पोरगी रोज प्रिंट काढायला यायची, तिनं वेगळंच कारण सांगितलं. म्हणाली, काका, व्हॉट्सॲप ग्रुपात गेलं की नंबर सगळ्यांना दिसतो, मग रात्री अकराला "हाय" सुरू होतं, टेलिग्रामवर निदान नंबर लपवता येतो. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं कधी. आपण गडी माणसं फीचर फीचर करत बसतो आणि तिला फक्त शांतपणे अभ्यास करायचा होता.

वकीलसाहेब सिग्नल नावाच्या ॲपवर. ते एकटेच. त्यांच्यासाठी म्हणून मी ते ठेवलंय. तासगाव-पलूस बाजूचे बागायतदार व्हॉट्सॲप, पण त्यांची पण एक तऱ्हा आहे, द्राक्षाच्या पानाचा फोटो सल्लागाराला पाठवायचा तर नुसता फोटो म्हणून पाठवत नाहीत, डॉक्युमेंट करून पाठवतात, कारण साधा फोटो बारीक होऊन जातो आणि दावण्या रोगाचा डाग आहे का पानावर नुसता चिखल उडालाय तेच कळत नाही. ज्या माणसाला ईमेल म्हणजे काय ते सांगायला मला अर्धा तास लागला होता तो मला शिकवून गेला हे.

आणि पोरं! मागं एकानं मार्कशीट पाठवली "व्ह्यू वन्स" करून. मी उघडली, बघितली, गेली. म्हटलं आता प्रिंट काय कपाळाची मारू? तर म्हणतो काका, सवय लागलीय हो.

आता मूळ मुद्दा. फेसबुकवर दर दोन-तीन महिन्यांनी कोणतरी उठतंय आणि विचारतंय, कुठलं ॲप चांगलं? मग खाली शंभर जण तंडत बसतात. माझं म्हणणं असं आहे की हा प्रश्नच चुकतोय. ॲप आपण निवडतच नाही राव. ज्याच्याशी बोलायचंय तो जिथं बसलाय तिथं आपण जाऊन बसतो. आवड-बिवड सगळं नंतर.

माझ्यावरच प्रयोग झालाय. जानेवारी 2021. व्हॉट्सॲपनं नवीन प्रायव्हसी पॉलिसी आणली, 8 फेब्रुवारीच्या आत मान्य करा म्हणून, आणि सगळीकडं बोंबाबोंब. इलॉन मस्कनं दोन शब्दांचं ट्वीट केलं, सिग्नल वापरा, आणि जग निघालं सिग्नलकडं. मी पण निघालो. त्यात गंमत अशी की "व्हॉट्सॲप सोडा" हा मेसेज मला व्हॉट्सॲपवरच एकवीस ग्रुपांवर आला. मी उत्साहात घरचा ग्रुप सिग्नलवर काढला, सगळ्यांना ओढून आणलं, बायको, बहीण, दाजी, दोन चुलतभाऊ. पहिल्या आठवड्यात नुसतं गुड मॉर्निंग. दुसऱ्या आठवड्यात बायको म्हणाली, "भिशीचं सगळं तिकडं, शाळेचं तिकडं, माहेरचं तिकडं, आणि तुमच्या एकट्यासाठी मी इथं येऊन बसू व्हय?" तिकडं व्हॉट्सॲपनं तारीख ढकलून 15 मे केली, लोक थंड झाले. आता त्या ग्रुपात मी आणि दाजी. दाजी पुण्यात आयटीत आहेत, त्यांना तत्त्व वगैरे आहे.

आणि यातली मेख मला दाजींनीच सांगितली नंतर. व्हॉट्सॲप 2009 ला ज्या दोघांनी काढलं, जान कूम आणि ब्रायन ॲक्टन, दोघं आधी याहूत कामाला होते. 2014 ला फेसबुकनं ते एकोणीस अब्ज डॉलरला घेतलं. पुढं ॲक्टन बाहेर पडला आणि 2018 ला त्यानंच पाच कोटी डॉलर घालून सिग्नलची संस्था उभी करायला हातभार लावला. आणि 2016 ला व्हॉट्सॲपला जे एंड टू एंड कुलूप बसलं, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून मधल्या कुणाला मेसेज वाचता येत नाही, ते सिग्नलवाल्यांच्याच पद्धतीचं. म्हणजे आपण ज्या दोन घरांवरनं भांडतोय त्यांच्या उभारणीत एक माणूस सामाईक आणि कुलूप एकाच कारागिराचं. उलट टेलिग्राम, ज्याला आपल्याकडं लोक लई सिक्रेट समजतात, तिथं साध्या चॅटला हे कुलूप नसतंयच, ते फक्त सिक्रेट चॅट म्हणून वेगळं सुरू केलं तर, आणि ग्रुपला तर नाहीच. हे मी एका पोराला सांगितलं तर माझ्याकडंच संशयानं बघाय लागला.

पण कुलूप-बिलूप बघून कोण ॲप घेतंय हो? व्हॉट्सॲप आपल्याकडं घुसलं त्याचं कारण लई साधं आहे. नंबर टाकला की सुरू. कॉलेजात असताना आम्ही कॅफेत तासाला वीस रुपये देऊन याहू मेसेंजरवर बसायचो, तिथं आयडी पाहिजे, पासवर्ड पाहिजे, अर्धा वेळ पासवर्ड आठवण्यात जायचा. मग एसएमएस पॅक आले, ते पण दिवाळी-पाडव्याला चालायचे नाहीत, नेमका त्याच दिवशी पूर्ण दर. 2011 ला ट्रायनं, म्हणजे फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, दिवसाला शंभर एसएमएसची मर्यादा घातली, नंतर दोनशे केली. त्या सुमारास व्हॉट्सॲप साध्या नोकियावर पण चालायचं, फोनबुकातली माणसं आपोआप दिसायची. मधी आपला हाईक पण आला होता 2012 ला, स्टिकर एक नंबर होते त्याचे, मराठी स्टिकर तर काय विचारू नका. 2021 च्या जानेवारीत तो बंद पडला, म्हणजे जेव्हा सगळा देश व्हॉट्सॲपला शिव्या घालत होता नेमका तेव्हाच. नशीब बघा. याहू मेसेंजर त्याच्याआधीच, 2018 च्या जुलैत गेला.

आणि मग बोलून पाठवायची सोय. माझ्या आईला लिहायला येतं, पण मोबाईलवर बोट चालत नाही. ती माईक दाबून बोलते, दोन-दोन मिनिटं. "आरं, म्हशीला डॉक्टर आला हुता, आणि ते पेन्शनचं काय झालं, आणि तू जेवलास का," सगळं एका दमात, मागनं म्हशीचा आवाज. आता सांगा, हिला मी सिग्नलवर कशाला नेऊ? तिथं पण माईक आहे, माहीत आहे मला. पण तिथं मावशी नाही. आईचं व्हॉट्सॲप म्हणजे मावशी.

2025 च्या सप्टेंबरात परत तेच. झोहो कंपनीचं अरट्टाई, मेसेजचंच ॲप. केंद्रातले मंत्री स्वदेशी वापरा म्हणाले आणि आमच्या कट्ट्यावरच्या सगळ्यांनी एका संध्याकाळी टाकून घेतलं. एकजण तर अजून त्याला "आरती ताई" म्हणतो. आपल्या देशातल्या कंपनीनं एवढं चांगलं बनवलं याचा अभिमान वाटला, खोटं का बोलू. तेव्हा मेसेजला एंड टू एंड कुलूप नव्हतं, कॉलला होतं, हे दाजींनी लगेच दाखवून दिलं. पण कट्ट्याचं गाडं अडलं ते कुलुपावर नाही. तिथं जाऊन बोलायचं कुणाशी? कट्टाच तर, तो रोज संध्याकाळी चहाच्या गाड्यावर भेटतोयच.

आता माझं खरं दुखणं. माझ्या काउंटरवर क्यूआर कोड एकच आहे. गिऱ्हाईक फोनपेवरनं देतंय, कोण गुगल पेवरनं, कोण पेटीएमवरनं, कोण बँकेच्या ॲपवरनं, मला घेणंदेणं नाही, पैसे खात्यात. 2016 ला यूपीआय आलं आणि हा प्रश्नच मिटला, भाजीवाल्या मावशीसुद्धा विचारत नाहीत की कशावरनं टाकताय. मग दोन रुपये जर एका ॲपमधनं दुसऱ्यात जात असतील तर त्या दोन रुपयांची झेरॉक्स ज्या कागदाची काढायची तो कागद का जात नाही? फाईल घ्यायला मला चार ॲप आणि पैसे घ्यायला एक चिकटवलेला कागद. जीमेलवरनं याहूला मेल जातोय, जिओवरनं एअरटेलला फोन लागतोय, फक्त मेसेजलाच कुंपण. युरोपात कायदा केलाय त्यांनी, मोठ्या मेसेजिंग ॲपनी मागणी आली तर दुसऱ्या ॲपला दार उघडायचं म्हणून. दाजी म्हणतात त्यात कुलुपाची भानगड होते, एका घरची किल्ली दुसऱ्याला चालवायची म्हटल्यावर सोपं नाही. असेल. पण पैशाचं काम तर जास्त जोखमीचं होतं की, ते जमलंच ना. वकीलसाहेब सिग्नलवर राहू देत, पोरं टेलिग्रामवर, आई तिच्या मावशीपाशी, आणि सगळ्यांचं माझ्या एका खिडकीत येऊ दे. मग कुठलं चांगलं त्यावर खुशाल भांडा, तेव्हा ती खरी आवड असेल.

प्रायव्हसीचं म्हणाल तर मला हसू येतं आणि थोडी भीती पण वाटते. पॉलिसीवरनं तावातावानं बोलणारा माणूस माझ्या दुकानात येतो, आणि ओळख ना पाळख, मला आधार, पॅन, पासबुक, बायकोचं आधार, सगळं टाकतो, प्रिंट घेतो आणि जातो. माझ्या फोनात राहिलं त्याचं काय? कुणी विचारत नाही. कुलूप वाटेवर आहे हो, माझ्या दुकानातल्या पीसीला नाही. मी रोज रात्री शटर ओढायच्या आधी सगळे चॅट आणि डाऊनलोड साफ करतो, पण सगळे दुकानदार करतात असं समजू नका. निदान मास्क्ड आधार पाठवा, शेवटचे चारच आकडे दिसतात त्याच्यात. आणि माझ्यासमोर उभं राहून म्हणा, काका डिलीट करा. मला राग येत नाही. वकीलसाहेब म्हणतात रोज.

पुराचं लिहायचं नव्हतं पण आठवलं. 2019 ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं, दुकानात गळ्याएवढं पाणी, मी पाहुण्यांच्या माडीवर. लाईट नाही, बॅटरी दोन टक्के, रेंज आली तर एखादी काडी. त्या चार दिवसांत कुठलं ॲप चांगलं हे कुणाला सुचलं नाही, साधा एसएमएस गेला तरी देव पावला. त्याआधी मात्र व्हॉट्सॲपवर "कोयना धरण फुटलं" इथपर्यंत फिरलं होतं. 2018 पासून एका वेळी पाचच चॅटवर फॉरवर्ड करता येतंय, तरी आपली माणसं चिकाटीची, पाच-पाच करून गाव पुरं करतात. दर जुलैत कोणतरी तेच 2019 चे फोटो "आत्ताचा फोटो, सांगली" म्हणून टाकतंय, त्यात आमच्या शेजारच्या दुकानाचा जुना बोर्ड दिसतो जो आता राहिलाच नाही. मेसेजवर दोन बाण दिसले, म्हणजे लई वेळा फॉरवर्ड झालेला, की मी वाचतच नाही. धरणातनं विसर्ग किती ते पाटबंधारेच्या आकड्यावरनं बघतो आणि खालचं सामान वर चढवतो.

असो, लिहीत बसलो तर साडेनऊ वाजले. एका पोरानं व्हॉट्सॲपवर "दुकान उघडं आहे का", टेलिग्रामवर "काका दुकान", आणि वर दोन मिस्ड कॉल. आलो रे बाबा, किल्ली शोधतोय.