‘लेस’चा गुन्हा काय?

जूनअखेर विदर्भातल्या शाळा उघडल्या की आमच्या नागपूरच्या धरमपेठेतल्या ग्रुपवर इंग्रजी सुधारायचे फॉरवर्ड सुरू होतात. यंदाचा असा: मोजता येतं तिथे ‘फ्यूअर’, येत नाही तिथे ‘लेस’. अपवाद नाही. इंग्रजीच्या जन्मापासून हाच नियम. न पाळणारा अडाणी.

पहिलं वाक्य बरंचसं खरं आहे. टोपलीत संत्री कमी तर ‘फ्यूअर ऑरेंजेस’, पेल्यात रस कमी तर ‘लेस ज्यूस’. ‘फ्यूअर ज्यूस’ कोणीच म्हणत नाही.

पण ‘अपवाद नाही’? वर्धा इथून 100 किलोमीटरच्या आत आहे. किलोमीटर चांगले मोजता येतात, दगड रोवलेत रस्त्याला. तरी इंग्रज ‘लेस दॅन हंड्रेड किलोमीटर्स’च म्हणणार, कारण तो किलोमीटर सुटे मोजत नाही, अख्खं अंतर बघतो. पैसा, वेळ, वजन यांचंही तेच. मे महिन्यात पारा 45च्या खाली आला तर ‘फ्यूअर दॅन फॉर्टी फाइव्ह डिग्रीज’ म्हणून बघा, स्वतःलाच हसू येईल. शिवाय ‘वन लेस प्रॉब्लेम’ आहेच. एक कटकट कमी! तिथे ‘फ्यूअर’ घातलं की वाक्य इस्त्री केल्यासारखं ताठ होतं.

जन्मापासूनचा नियम म्हणाल, तर नवव्या शतकात राजा आल्फ्रेडच्या इंग्रजीत ‘लेस वर्डा’ सापडतं. म्हणजे शब्दांपैकी कमी. ‘वर्डा’ ही तिथे अनेकवचनी षष्ठी. पुढे ती विभक्ती झिजली आणि ‘लेस वर्ड्स’ उरलं. या नियमाचं मूळ ज्याच्याकडे दाखवतात तो रॉबर्ट बेकर थेट 1770 सालचा. तोही सांगतो की संख्येबद्दल बोलताना लोक बहुधा ‘लेस’च वापरतात, आपल्याला मात्र ‘फ्यूअर’ बरं वाटतं. त्याने आवड सांगितली, मास्तरांनी तिची छडी केली.

आणि ‘मोअर’ का सुटला? मोअर ऑरेंजेस, मोअर ज्यूस, दोन्ही चालतात, आपल्या ‘कमी’सारखेच. त्यावर अजून एकही फॉरवर्ड आलेला नाही.

परीक्षेत, अर्जात ‘फ्यूअर स्टुडंट्स’च लिहा, उगाच मार्क कशाला घालवायचे. पण अडाणी म्हणण्याआधी त्या फॉरवर्डचा मथळा वाचा: ‘लर्न धिस इन लेस दॅन टू मिनिट्स’. मिनिटं मोजता येतात ना, भाऊ?