'पूर आला की शेतकऱ्याची चांदी' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

हा मेसेज मला आठवड्याभरात पाच ठिकाणांहून आला. गावच्या ग्रुपवर आला, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर आला आणि शेवटी माझ्या सख्ख्या चुलतभावाने पाठवला. तो पुण्यात नोकरी करतो आणि त्याचं शिक्षण केळीच्या पैशांवर झालं आहे. मेसेज लांबलचक आहे, सार मात्र एवढंच: पूर आला, वादळ आलं की शेतकऱ्याची चांदी होते. सरकार नुकसानभरपाई देतं, वर एक रुपयात काढलेला विमा मिळतो, वर कर्जमाफी. पंचनामे घरबसल्या होतात आणि निम्मे खोटे असतात. हा सगळा पैसा कर भरणाऱ्या शहरी माणसाचा. आणि धुळे जिल्ह्यातल्या बारीपाडा, शिरपूर यांनी सरकारपुढे हात न पसरता स्वतःला उभं केलं, मग बाकी गावांना काय धाड भरली?

मी रावेर तालुक्यातला. मे-जूनमधल्या वादळाने आडवी झालेली केळी लहानपणापासून बघत आलोय. भावाला फोनवर उत्तर द्यायला गेलो असतो तर भांडण झालं असतं, म्हणून लिहून देतो.

सुरुवात 'नुकसानभरपाई' या शब्दापासून करतो, कारण सगळा गैरसमज त्यातच आहे. सरकार पिकाचं नुकसान भरून देतच नाही. मदतीचा शासन निर्णय काढून वाचा. त्यात शब्द असतो 'निविष्ठा अनुदान', म्हणजे पुढच्या हंगामाच्या बी-खताला हातभार. तोही एका हंगामात एकदाच. जूनमध्ये वादळ आणि सप्टेंबरमध्ये अतिवृष्टी असं एकाच हंगामात दोनदा झालं तरी त्याच पिकासाठी दोनदा मिळत नाही. नुकसान ३३ टक्क्यांच्या आत असेल तर एक रुपयाही नाही.

दर किती? राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२-२६ च्या निकषांनुसार कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकाला २२,५००, आणि तेही २ हेक्टरपर्यंतच. १ जानेवारी २०२४ च्या निर्णयाने राज्याने स्वतःची भर घालून हे दर १३,६००, २७,००० आणि ३६,००० केले होते, मर्यादाही ३ हेक्टर केली होती. मे २०२५ मध्ये तो निर्णय मागे घेतला आणि गाडी पुन्हा मूळ दरांवर आली.

आता हे आकडे शेतात नेऊन बघू. चाळीसगाव, पारोळा, अमळनेर भागातला कोरडवाहू कापूस घ्या. हेक्टरी ८,५०० म्हणजे एकरी ३,४००. बीटी कपाशीच्या एका पाकिटाची २०२५ ची किंमत ९०१ रुपये. एकराला दोन पाकिटं धरली तर १,८०२. डीएपी खताची एक गोणी १,३५०. झाले ३,१५२. उरले २४८ रुपये. त्यात नांगरणी, वखरणी, निंदणी, फवारणी, वेचणी बसवून दाखवावी. एका मजुराचा एका दिवसाचा रोजही त्यात जेमतेम निघतो.

केळीचं तर बोलायलाच नको, पण बोलतो. पाच बाय पाच फुटांवर लावली तर हेक्टरी चार हजारांच्या वर खोडं बसतात. सगळ्यांत मोठा, बहुवार्षिक पिकाचा २२,५०० चा दर धरला तरी एका खोडामागे साडेपाच रुपयेही येत नाहीत. टिशू कल्चरचं नुसतं रोप पंधरा रुपयांच्या आसपास पडतं. त्यावर ठिबक, खतं, घडाला लावायच्या पिशव्या, आणि दहा-अकरा महिने रात्री-बेरात्री उठून मोटर चालू करायला जाणं. नवती म्हणजे नव्या लागणीची बाग निसवलेली असते, म्हणजे घड बाहेर पडलेले असतात, कापणीला महिना उरलेला असतो, आणि अर्ध्या तासाच्या वाऱ्यात खोडं कंबरेतून मोडतात. मोडलेली बाग नुसती पडून राहत नाही, ती कापून शेताबाहेर काढायलाही मजुरी लागते. काकांच्या बागेत ती मजुरीच मदतीच्या पहिल्या हप्त्याला गिळून बसली.

यावर कुणी ऑक्टोबर २०२५ च्या ३१,६२८ कोटींच्या पॅकेजचा मथळा दाखवेल. त्या वेळी रब्बीसाठी हेक्टरी १० हजारांची भर घातली गेली, मर्यादा ३ हेक्टर झाली, हे खरं आहे आणि ते चांगलंच झालं. पण त्या बेरजेत रस्ते, पूल, वीज अशा पायाभूत कामांचे १० हजार कोटी होते आणि पीक विम्यातून मिळणं अपेक्षित असलेली रक्कमही होती. कोरडवाहूवाल्याच्या वाट्याला हेक्टरी १८,५०० म्हणजे एकरी साडेसात हजारांच्या आत. मथळ्यातला आकडा आणि पासबुकातला आकडा यांत हा फरक आहे.

एक रुपयाचा विमा? तो खरीप २०२३ मध्ये सुरू झाला आणि खरीप २०२५ पासून बंद झाला. आता खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना ५ टक्के हप्ता शेतकरी भरतो, आणि भरपाई पीक कापणी प्रयोगाच्या, म्हणजे महसूल मंडळातल्या (काही गावांच्या गटातल्या) निवडक शेतांत मोजलेल्या उत्पन्नाच्या सरासरीवर ठरते. तुझं एकट्याचं शेत वाहून गेलं पण मंडळाची सरासरी बरी निघाली, तर हातात काही नाही. केळीचा विमा वेगळा, हवामानावर आधारित. तिथे तापमानासारख्या गोष्टी हवामान केंद्राने नोंदवाव्या लागतात. आणि पूर आला म्हणून कर्जमाफी आपोआप मिळत नाही. २०१७ आणि २०१९ च्या दोन्ही मोठ्या योजना मुख्यतः थकीत कर्जासाठी होत्या.

पंचनाम्यांबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण इथे मेसेजमध्ये थोडं खरं आहे. खोटेपणा झाला आहे. जालना जिल्ह्यात अतिवृष्टीच्या अनुदानाच्या याद्यांत बोगस नावं घुसवून पैसे उचलल्याचं २०२५ मध्ये चौकशीत निघालं आणि तलाठी निलंबित झाले. विम्यातही दुसऱ्याच्या, अगदी सरकारी जमिनीवर काढलेले अर्ज सापडले. पण यात लुटला गेला कोण? ज्याचं शेत खरंच बुडालं तोच. त्याचं नाव यादीत नाही आणि भलत्याचं आहे. असल्या चोरीचा राग मलाही येतो. त्याचा उपाय म्हणजे यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावणं, ग्रामसभेत वाचणं. मदतच बंद करणं हा उपाय नव्हे.

आणि 'घरबसल्या' म्हणजे काय, ते सांगतो. अतिवृष्टी ठरते ती महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदवला गेला तर. पर्जन्यमापक मंडळाला एक. ढग मात्र मंडळाची हद्द बघून बरसत नाही. सातपुड्याच्या पायथ्याला एका नाल्यावर धो धो कोसळतो आणि दहा किलोमीटरवर, मापक आहे तिथे, अंगण भिजण्यापुरता पडतो. मग प्रत्यक्ष नुकसान दाखवा, फोटो काढा, अर्ज द्या, तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांची एकत्र वेळ लागेपर्यंत मोडलेली बाग तशीच ठेवा. ठेवली तर पुढची लागण लांबते, काढली तर पुरावा जातो. तलाठ्यांनाही दोष देत नाही. एकेकाकडे दोन-तीन गावं असतात.

जनावरांचं आणखी अवघड. ३१ ऑगस्ट २०२१ च्या पहाटे चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर आला, कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद झाला, शेकडो जनावरं दगावली. दुभत्या गाई-म्हशीला २०२२-२६ च्या निकषाने ३७,५०० रुपये. चांगली म्हैस लाखाच्या घरात जाते. पण आधी ती मेली हे दाखवावं लागतं. दावणीला बांधलेली मेली तर पंचनामा होतो. पुराने नेलेली गाय कुठल्या काठाला लागली, हे तिच्या मालकाने चिखलात फिरून शोधायचं.

यादीत नाव आलं तरी प्रवास संपत नाही. विशिष्ट क्रमांक घ्या, सेवा केंद्रात जाऊन आधार प्रमाणीकरण करा, आता शेतकरी ओळख क्रमांकही काढा. म्हाताऱ्यांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात, यंत्र घेत नाही. आणि सातबारा सामाईक असला की बाकी खातेदारांचं संमतीपत्र लागतं. आपल्याकडे किती घरांचे सातबारे वेगळे झालेत? आजोबा जाऊन वीस वर्षं झाली तरी आमच्या गटावर चार नावं आहेत. आत्या सुरतेला, उधन्यात. खानदेशातलं अर्धं गणगोत तिकडेच. तिची सही आणायला मी रात्रीच्या गाडीने गेलो आणि परतलो. एका कचेरीत तो कागद 'नमुना जुना आहे' म्हणून परत आला आणि दुसऱ्यांदा जावं लागलं.

आणि ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्याला तर या व्यवस्थेत जागाच नाही. बटाईने करणारा, कापूस वेचून पोट भरणारी बाई, घड वाहणारा मजूर. बाग आडवी झाली की त्यांचा दोन महिन्यांचा रोजगार गेला. त्यांच्या नावाने कसलाही पंचनामा होत नाही. मेसेज लिहिणाऱ्याला फुकट्यांची यादी हवी होती. या माणसांची यादी त्याने एकदा करावी.

कराबद्दल थोडक्यात. हा निधी सर्वसाधारण राज्यांत ७५ टक्के केंद्राचा आणि २५ टक्के राज्याचा असतो, आणि त्यात जीएसटी भरणारा प्रत्येक जण आहे. शेतकरी कीटकनाशकावर १८ टक्के जीएसटी भरतो आणि व्यापाऱ्यासारखा तो कुठे वळता करून घेऊ शकत नाही. शिवाय हा निधी फक्त शेतीचा नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पांझरेचं पाणी धुळे शहरातल्या काठच्या वस्त्यांत शिरलं. पडलेलं घर, वाहून गेलेली भांडी-कपडे यांची मदत खेड्याला मिळते तशी शहरालाही मिळते.

राहिला बारीपाडा. साक्री तालुक्यातल्या या पाड्याचा मला मनापासून अभिमान आहे. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ४०० हेक्टरांहून जास्त जंगल राखलं, विहिरींना पाणी आणलं. २०२५ मध्ये पवारांना पद्मश्री मिळाली. पण त्यांच्या जिद्दीचा उपयोग दुसऱ्या गावाला हिणवायला करू नये. तिथे घाम गावाचा होता, जंगल मात्र वनखात्याच्या ताब्यातलं होतं. सरकारने आडकाठी केली असती तर हे काम एवढं टिकलं नसतं. शिरपूर तालुक्यात सुरेश खानापूरकरांनी नाले खोल-रुंद करून बंधाऱ्यांची साखळी उभी केली, त्यामागे मोठं खासगी आर्थिक बळ होतं. प्रत्येक तालुक्याला तसा पाठीराखा कुठून मिळणार? आणि या दोन्ही कामांनी दुष्काळाशी झुंज दिली. एका रात्रीत कोसळणाऱ्या पाण्यापुढे गावचं श्रमदान पुरत नाही. फुटलेला केटी वेअर (कोल्हापूर पद्धतीचा बंधारा), वाहून गेलेला शिवाररस्ता, पडलेले विजेचे खांब आणि जळलेली डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) ही कामं वर्गणीतून होत नाहीत. डीपी आठ दिवस बंद राहिली तर वादळातून वाचलेली केळीही वाळते. इथे सरकारच लागतं, आणि वेळेवर लागतं.

भाऊ, हे सगळं तुलाच उद्देशून आहे, म्हणून शेवटची गोष्टही इथेच लिहितो. काका गेल्यावर त्यांच्या जागी तुझं नाव लागलं. संमतीपत्रावर आत्याची सही झाली, आमच्या बाबांची झाली, धाकट्या काकांची झाली. मुदत या महिनाअखेरपर्यंत आहे. तुझी तेवढी राहिली आहे.