25 टक्क्यांचा आकडा शतायुषींना लावू नका
‘आयुर्मानात आनुवंशिकतेचा वाटा जेमतेम 25 टक्के, बाकी सगळं राहणीवर’ हे आयुर्मानावरच्या एका लेखातलं वाक्य शतायुषींच्या बाबतीत मला पटलं नाही. तो आकडा डॅनिश जुळ्यांच्या अभ्यासातला, आणि त्यातली बहुतेक माणसं शंभरीच्या कितीतरी आधी गेलेली. अमेरिकेतल्या शतायुषींच्या भावंडांचा 2002 सालचा अभ्यास बघा: भावांची शंभरी गाठण्याची शक्यता इतरांच्या साधारण 17 पट, बहिणींची 8 पट! (एकाच घरात वाढल्याचा परिणामही त्यात असणार, हे मान्य.)

माझी आजी 101व्या वर्षी गेली. पंच्याण्णवीतही चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवायची. तिचा धाकटा भाऊ जन्मभर सिगारेट ओढून 97 वर्षं जगला. माझे सासरे मात्र निर्व्यसनी, रोज पहाटे चालणारे. 62व्या वर्षी हृदयविकाराने गेले. ‘राहणीत कुठे चुकलं?’ असं लोक सासूबाईंना विचारत राहिले, ते अजून सलतं.