‘तज्ज्ञाचं ते फक्त मत’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. त्याचा आशय असा: कोर्टातला तज्ज्ञ साक्षीदार फी देणाऱ्याचीच बाजू घेतो, तो देतो ते नुसतं मत, त्यामुळे खोटं बोलला तरी कायदा त्याला हात लावू शकत नाही, आणि न्यायाधीशांना त्या विषयातलं कळत नसल्याने त्याचा रिपोर्ट मान्य करावाच लागतो. पुनर्विकासाच्या वादात अडकलेली माणसं हे वाचून ‘आता भांडून काय उपयोग’ म्हणत हात टेकतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आधी फीबद्दल. फी घेणं हा गैरप्रकार नाही. ती वेळेची आणि कामाची असते, निष्कर्षाची नव्हे. शपथ घेतल्यावर तज्ज्ञाने मदत करायची ती कोर्टाला. शिवाय दिवाणी दाव्यात शास्त्रीय तपासणीसाठी कोर्ट स्वतःचा कमिशनर (तपासणी करून कोर्टाला अहवाल देणारा माणूस) नेमू शकतं; तसा अर्ज आपल्यालाही करता येतो.

‘नुसतं मत, म्हणून शिक्षा नाही’ हा दावा सर्वांत घातक आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 227 मध्ये (जुन्या दंड संहितेत 191) खोट्या साक्षीची व्याख्या आहे. मनात नसलेलं मत आपलं म्हणून शपथेवर सांगणं हीही खोटी साक्षच, असं तिथल्या स्पष्टीकरणात लिहिलं आहे. कोर्टाच्या कामात हे जाणूनबुजून केलं तर कलम 229 खाली 7 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याचबरोबर, एखाद्याने ‘ही सही अमक्याचीच वाटते’ असं प्रामाणिकपणे सांगितलं आणि ती दुसऱ्याची निघाली, तर ती खोटी साक्ष नव्हे, असंही उदाहरण तिथेच दिलं आहे.

दिल्लीतल्या जेसिका लाल खून खटल्यात बंदुकीच्या गोळ्यांबद्दल मत देणाऱ्या तज्ज्ञावर दिल्ली उच्च न्यायालयाने खोट्या साक्षीची कारवाई सुरू करायला सांगितली होती. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये ती रद्द केली. पण तज्ज्ञांना अभय आहे म्हणून नव्हे. त्याने मताचा आधार दिला होता आणि मत ठामही नव्हतं. तेवढ्यावरून त्याने कुणाला वाचवण्यासाठी खोटं सांगितलं असं म्हणता येत नाही, म्हणून.

इंग्लंडमधलं सॅली क्लार्क प्रकरण याहून बोलकं आहे. दोन तान्ह्या मुलांच्या खुनाबद्दल 1999 मध्ये तिला दोषी ठरवलं गेलं. बालरोगतज्ज्ञ रॉय मेडो यांनी साक्षीत सांगितलं होतं की, अशा घरात दोन्ही मुलं आपसूक दगावण्याची शक्यता 7 कोटी 30 लाखांत 1. एका मुलाच्या अशा मृत्यूची शक्यता 8,543 मध्ये 1 धरून त्यांनी त्या आकड्याचा वर्ग केला होता, जणू एकाच घरातल्या दोन मृत्यूंचा एकमेकांशी संबंधच असू शकत नाही. 2003 मध्ये शिक्षा रद्द झाली ती मुख्यतः दुसऱ्याच कारणाने: शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरने एका बाळाच्या जंतुतपासणीचे निकाल उघड केले नव्हते. तिथल्या वैद्यकीय परिषदेने त्या डॉक्टरला गंभीर गैरवर्तनाबद्दल दोषी धरलं. मेडो यांचं तर नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढलं होतं, ते पुढे न्यायालयाने परत आणलं. पण तज्ज्ञाला शिस्तभंगाच्या कारवाईपासून संरक्षण नाही, हे 2006 मध्ये अपील न्यायालयाने स्पष्ट केलं. माझ्या मते निष्कर्ष चुकण्यापेक्षा माहिती दडवणं हा कितीतरी मोठा गुन्हा आहे. आपल्याकडेही दिशाभूल करणारं प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरचं नाव वैद्यकीय आचारसंहितेच्या 2002 च्या नियमांनुसार नोंदवहीतून निघू शकतं.

‘रिपोर्ट मान्य करावाच लागतो’ हेही खरं नाही. हिमाचलच्या सफरचंद बागांच्या खटल्यात, 1999 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने फलोत्पादन अधिकाऱ्याचा अंदाज स्वीकारला नाही. निष्कर्ष पडताळून पाहण्याची शास्त्रीय साधनं न्यायाधीशाच्या हाती देणं हे तज्ज्ञाचं काम, असं त्या निकालात म्हटलं आहे.

आता ठाण्याकडे. एक स्ट्रक्चरल ऑडिटर, म्हणजे इमारतीची मजबुती तपासणारा अभियंता, इमारत सी-1 म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडण्याजोगी ठरवतो, दुसरा सी-2बी म्हणजे न खाली करता दुरुस्तीजोगी. अशा वेळी वकिलामार्फत विचारा: कोअर (काँक्रीट कापून काढलेले नमुने) किती काढले, कोणत्या खांबांतून? काँक्रीटचा कठीणपणा मोजणाऱ्या रिबाउंड हॅमरची रीडिंग्ज कुठे आहेत? आधीचा ऑडिट रिपोर्ट पाहिला होता का, आणि त्यातलं काय वगळलं? साक्ष अधिनियमानुसार मताचा आधारही पुराव्यात येतो, त्यामुळे हे प्रश्न उलटतपासणीत विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.