साहेब लग्नाला आले होते ना? मग झालं तर!

निवडणूक आली की मत कुणाला द्यावं, असा भोळा प्रश्न काही जणांना पडतो. त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन. रेणापूर तालुक्यातल्या परवाच्या एका लग्नात ते माझ्या पदरात पडलं, तेही उपाशीपोटी.

सगळ्यात आधी बघायचं, उमेदवार लग्नाला येतो का. मुहूर्त बारा पस्तीसचा. अंतरपाट धरला, भटजींनी घसा खाकरला आणि माइकवरून घोषणा झाली, "साहेब निघालेत, पाचच मिनिटं." मराठवाड्यात ही पाच मिनिटं समजावून सांगायची गरज नाही. नवरदेवाच्या मुंडावळ्या घामानं कपाळाला चिकटल्या, मुठीतल्या अक्षता भिजल्या, लेकरांनी भोकाड पसरलं. दीड तासानं गाड्यांचा ताफा आला. मग शाल, श्रीफळ, फेटा. मग सोबत आलेल्यांचे फेटे. मग जे आलेच नाहीत त्यांचीही नावं. शुभाशीर्वादाचे दोन शब्द म्हणून साहेबांनी मतदारसंघात आणलेला निधी मोजून दाखवला, नवरीचं नाव चुकवलं आणि अक्षता पडायच्या आत पुढचं लग्न गाठलं. आणि नवरीचा मामा, ज्याचं सोयाबीन अतिवृष्टीत गेलं, पीकविम्याचा अजून पत्ता नाही, तो डोळे पुसत म्हणतो, "काही म्हणा, माणूस लई साधा!"

साधा! अर्धा रस्ता अडवून गाड्या लावणारा!

भाषणात हशा पिकतो का, तेही बघा. पिकाचं नंतर बघू.

चेहरा थेट वडिलांसारखा असेल तर जाहीरनामा मागू नये, वाईट दिसतं.

जात बघावी का? ती तुम्ही आधीच बघून ठेवलेली असते.

कडक माणूस मात्र नकोच. शंकरराव चव्हाणांना लोक हेडमास्तर म्हणायचे. जायकवाडीसाठी जीव टाकला, पैठणचं ते धरण १९७६ साली पूर्ण झालं. आज उभे राहिले असते तर आपण तोंडावर विचारलं असतं, "आमच्या पोराच्या जावळाला का नाही आलात?"

आणि प्रतिज्ञापत्र चुकूनही उघडू नका. उमेदवाराची मालमत्ता, शिक्षण, त्याच्यावरचे गुन्हे मतदाराला कळले पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ साली सांगितलं. आयोगाच्या संकेतस्थळावर ते फुकट वाचता येतं. पण आपला सगळा डेटा साहेबांच्या रीलवर खर्च झालेला असतो, त्याला कोण काय करणार?

अरे, कशाचं मार्गदर्शन घेऊन बसलात! लातूर जिल्ह्यानं राज्याला दोन मुख्यमंत्री दिले, आणि त्याच लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तेव्हा कुणाचा गोड स्वभाव घागरीत भरून घेतला होता का? सोयरीक जमवायची आहे की आमदार निवडायचाय? मयतीला येतो, नावानं हाक मारतो, म्हाताऱ्याच्या पाया पडतो, मान्य. येऊ द्या, चहा पाजा. पण चहा पिताना विचारा ना, विमा कुठं अडकला? तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर का नाही? पोरं पुण्याला का पळतात? तो हसून खांद्यावर हात ठेवील. हात बाजूला करा आणि परत विचारा.