घरपट्टीची खरी मेख नोंदीत

‘जमिनीचे दर भडकले, म्हणून घरपट्टी वाढली’ हे तुमच्याकडे आलेल्या घरपट्टीवरच्या लेखातले वाक्य सरसकट काही पटले नाही. गोव्यात पालिका हद्दीत पूर्वापार घर विकले तर किती येतील हे बघत नसत. ते भाड्याने दिले तर वर्षाला वाजवी किती मिळतील, त्यावरून करयोग्य मूल्य, म्हणजे ज्यावर कर लागतो तो आकडा, काढत. (पंचायतीचे नियम वेगळे.) बाजारभाव थेट आडवा येतो तो विक्रीखत करताना, मुद्रांक शुल्काला. दोन्हींची गल्लत केली की माणूस भलत्याच खिडकीवर भांडतो.

खरी मेख असते पालिकेकडच्या घराच्या नोंदीत, आणि त्यावर लेखात एक ओळ नाही. आमचे घर आजोबांच्या वेळचे, मातीच्या भिंती, वर मंगळुरी कौले. घरपट्टीच्या फेरआकारणीची नोटीस आली तेव्हा पालिका कार्यालयात जाऊन नोंदीचा कागद मागितला. भिंती चिऱ्याच्या लिहिलेल्या, आणि परसातला गोठा क्षेत्रफळात धरलेला. तो गोठा पावसात कोसळून कितीतरी वर्षे झाली! मुदतीत हरकत दिली, फोटो जोडले. दोन महिन्यांनी टेप घेऊन एकजण आला, बाबांनी त्याला गोठ्याच्या जागी लावलेल्या केळी दाखवल्या. बिचाऱ्याने हसत हसत आकडा खोडला. गोठा गेला, भिंती मात्र कागदावर अजून चिऱ्याच्याच आहेत. त्यासाठी परत अर्ज दिलाय.