खुलासा : ते वाक्य बायबलमधले नाही

‘जो स्वतःला मदत करतो, त्यालाच देव मदत करतो – बायबल’ असा मेसेज फिरतो आहे. मागे मीही तो पुढे पाठवला होता, म्हणून हा खुलासा. हे वाक्य बायबलमध्ये कुठेही नाही. या अर्थाची म्हण प्राचीन ग्रीकांपासून चालत आली. १७३६ साली अमेरिकन मुद्रक-लेखक बेंजामिन फ्रँकलिनने ती आपल्या वार्षिक पंचांगात छापली.

बायबलमध्ये येते ते जवळजवळ उलटे. रोमकरांस पत्र ५:६ उघडून पाहा : आपण दुर्बळ असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. इफिसकरांस २:८-९ मध्ये तारण, म्हणजे पापातून सुटका, हे देवाचे दान आहे, कर्मांचे फळ नव्हे.

मग हातावर हात ठेवून बसायचे का? प्रश्न रास्त आहे, मलाही पडला होता. १ करिंथकरांस १५:१० मध्ये ख्रिस्ताचा प्रेषित पौल म्हणतो की त्याने इतरांपेक्षा जास्त श्रम केले, आणि लगेच स्वतःला सावरतो : मी नव्हे, देवाच्या कृपेने. म्हणजे श्रम आहेतच, पण कृपेच्या पोटी आलेले. तिची किंमत म्हणून मोजलेले नव्हेत.

म्हण आवडत असेल तर खुशाल वापरा. फक्त खाली ‘बायबल’ लिहून पुढे पाठवू नका, आणि माझ्याकडून आलेला मेसेज कृपया काढून टाका.